अपोर्तची काडी

दार वाजत नव्हतं, आपटत होतं. नुरिला खिडकीशी बसून नातीच्या मोज्याचं भोक शिवत होती. तिला आधी वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवतंय. मग शेजारच्या पातामचा आवाज आला आणि तिनं जाऊन दार उघडलं. पाताम डोक्याचा रुमाल नाकावर दाबून तिला ढकलतच आत घुसली, स्वयंपाकघरात गेली, तिथून खिडक्या धडाधड उघडल्याचे आवाज आले. नुरिला सुईदोरा हातात धरून तशीच उभी. "अगं गॅस," पाताम आतून ओरडली, "सगळा जिना भरलाय!" आणि नुरिलानं विचारलं, "कुठे?" हे 'कुठे' तिच्या तोंडून निघालं आणि तिलाच ऐकू आलं. परक्या गावात वाट चुकलेल्या म्हातारीनं विचारावं तसं. दूध उतू जाऊन चूल विझली होती, आणि चूल विझल्यावरही कितीतरी वेळ गॅस वाहत होता, स्वयंपाकघरातून बोळात, बोळातून आतल्या खोलीत, जिथे चार वर्षांची तोमिरिस दुपारची झोपली होती. पातामनं तिला पांघरुणासकट उचलून बाहेर नेलं. पोर जागी झाली, रडली, जिन्यावर उलटी केली, मग पातामच्या घरी बिस्कीट खाऊन खेळायला लागली. काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत सगळेच हे वाक्य म्हणत होते, काही झालं नाही, आणि प्रत्येक वेळी नुरिलाच्या डोळ्यांपुढे ते झालेलं उभं राहत होतं.

आकमारल, तिची मुलगी, कामावरून आली तेव्हा शांत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तोमिरिसचे कपडे गोळा केले, चित्रांची पुस्तकं, दारामागच्या तिच्या लहानशा सपाता, बशीत काढून ठेवलेल्या केसांच्या पिनासुद्धा. सपाता पिशवीत जाताना पाहून नुरिलाला कळलं, की ही उद्यापुरती नेत नाहीये. "आई, मी तुला दोष देत नाहीये," आकमारल म्हणाली. "तुझा काय दोष त्यात." नुरिलानं नातीला जवळ घेतलं, घरातली मोठी माणसं करतात तसं तिच्या कपाळाशी नाक नेलं आणि श्वास ओढला. मुका घ्यायची रीत त्यांच्यात नव्हतीच; लेकरू जवळ आलं की त्याचं कपाळ हुंगायचं, टाळू हुंगायची. तिची आई हुंगायची, वडील हुंगायचे, मिशा टोचायच्या. दोन वर्षं ती हे करत होती आणि दोन वर्षं तिथे काही नव्हतं. कोमट कातडं, केसांची गुदगुली, आणि आत एक रिकामी खोली. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तोमिरिसच्या कपाळाला कसला वास आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. पोर दोन वर्षांची असताना ती साथ आली आणि त्या आधी तिनं हुंगलं होतं ते आता आठवू म्हटलं तर आठवत नव्हतं.

त्या साथीच्या उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा ओराझबेक शेजारी शेजारी पडून खोकत होते. ओराझबेक चाळीस वर्षं सिगरेटी ओढत आलेला, सगळे त्याच्या काळजीत. तो उठून बसला, चहा मागितला, आणि चहा पिऊन म्हणाला, दूध नासलंय. नुरिलानं त्याच दुधाचे दोन पेले प्यायले होते. असं कळलं ते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल परत, सहा महिन्यांत येईल, मग म्हणाल्या वर्ष लागतं काहींना, आणि मग लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी अशा चार बाटल्या दिल्या आणि रोज हुंगा म्हणाल्या, नाकाला आठवण करून द्यायची असते. ती रोज हुंगायची. लवंगेच्या बाटलीतून कधी कधी एक टोचणी यायची, वास नव्हे, वासाच्या जागी एक सुई. उरलेल्या तीन बाटल्यांतून काचेचा थंडपणा तेवढा नाकाला लागायचा. तिनं आयुष्यभर भूकंप केंद्रात नोकरी केली होती, गोल फिरणाऱ्या कागदावरच्या रेघा वाचायची. जमीन हलली की आधी कागदाला कळायचं, मग कुत्र्यांना, मग माणसांना, आणि कित्येकदा माणसांना कळायचंच नाही, सगळं अल्माटी शहर चहा पीत असायचं आणि एकट्या नुरिलाला ठाऊक असायचं की आत्ता या क्षणी पायाखाली काहीतरी सरकलं. त्याचा तिला छुपा अभिमान होता. आता सगळ्या जिन्याला कळल्यावर तिला कळत होतं.

सपाता गेल्यानंतरच्या आठवड्यात ती बाजारात गेली आणि सफरचंदांच्या ओळीत थांबली. समोर लालभडक, दोन मुठींएवढी फळं रचलेली. विकणारी म्हणाली, अपोर्त आहे बाई, अस्सल, आता दिसतंय कुठे. नुरिलानं एक उचललं आणि नकळत नाकाशी नेलं, आणि तिला वडिलांचं अंगण आठवलं. म्हणजे चित्र आठवलं. ताल्गारचं ते घर, डावीकडे कललेलं झाड, पहिल्या थंडीत लाकडी पेटीत पेंढ्यावर मांडलेली फळं, एकाला दुसऱ्याचा स्पर्श होऊ न देता. पेटी आतल्या खोलीत पलंगाखाली असायची आणि हिवाळाभर ती खोली, पांघरुणं, शाळेच्या वह्या, मोठ्या बहिणीच्या, कामशातच्या वेण्या, सगळ्याला तो वास. ती आणि कामशात एका पांघरुणात झोपायच्या, आणि झोप येईपर्यंत कामशात पेटीचं झाकण पायानं थोडंसं उघडून ठेवायची. हे सगळं आठवलं, पायाची ती हालचाल आठवली, बिजागरी करकरलेली आठवली, आणि जिथे वास असायला हवा होता तिथे शब्द होता, 'वास'. वास घेता येणं जातं हे तिनं सोसलं होतं. पण घेतलेलाही जातो, मागे जाऊन, एकेक दार बंद करत जातो, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं फळ परत ठेवलं. त्याच वेळी तिच्या डोक्यात ते रुजलं, बी म्हणायलाही लाज वाटावी असं वेडं काहीतरी: तेच झाड, बाबांच्या जातीचं, अंगणात वाढवलं, तेच फळ नाकाशी धरलं, तर नाकाला ओळख पटेल. लवंग आणि निलगिरी नाकाला परकी होती. हा वास घरचा होता. घरचं माणूस हाक मारतं तेव्हा बेशुद्धसुद्धा डोळे उघडतो.

वेडं आहे हे तिला कळत होतं. तिनं ओराझबेकला एवढंच सांगितलं, की डोंगराच्या अंगाला आपली जी दाचा आहे, उन्हाळ्यात राहायचं ते छोटं घर, त्याच्या बागेत अपोर्त लावायचंय. ओराझबेक बसचालक होता, निवृत्त झाल्यापासून त्याला कुठेही जायला कारण हवंच असायचं. रोपवाटिकेत गेले तर तिथल्या माणसानं कुंडीतली कमरेएवढी रोपं दाखवली, बुटक्या खुंटावरची, दोन वर्षांत फळ धरतात म्हणाला. दोन वर्षं हा शब्द ऐकून नुरिलाचा हात पुढे झाला होता. पण ती बागवानाची मुलगी होती. अपोर्त रानटी सफरचंदाच्या खुंटावरच अपोर्त होतं, याच डोंगराच्या रानातल्या. दुसऱ्या मुळांवर ते मोठं होतं, लाल होतं, आणि आत नुसतं पाणी, हे तिनं पाटीपुस्तकाच्या आधी ऐकलं होतं. आणि रानटी खुंट तिच्याकडे होता. दाचाच्या कुंपणाला लागून एक रानसफरचंद आपोआप उगवलेलं, ओराझबेक दर वर्षी तोडतो तोडतो म्हणायचा. त्याच्यावर कलम बांधलं तर आठ वर्षं थांबायला नको, चारात फळ. फक्त काडी हवी होती. खरी काडी.

तिथेच सगळं अडलं. बाबांच्या अंगणातलं झाड राहिलं नव्हतं. ते घर कामशातच्या नावावर होतं. बाबांचं शेवटच्या वर्षी सगळं तिनंच केलं, ती विधवा होती, घर तिला झेपेना, बाबा गेल्यानंतर तिनं ते विकलं आणि कास्केलेनला मुलाकडे राहायला गेली. घेणाऱ्यांनी घर पाडलं, झाडं पाडली, बंगले बांधले. वर्षश्राद्धाच्या जेवणात, पाहुण्यांनी भरलेल्या पंगतीत, नुरिला म्हणाली होती, "आपा, तू बाबांना दोनदा पुरलंस." कामशातनं समोरचे चहाचे वाडगे एकात एक घातले आणि उचलून आत नेले. त्यानंतर लग्नाकार्यात दोघी एकमेकींना मान डोलवून ओळख द्यायच्या, एवढंच. आणि आता जगात तो वास ठाऊक असलेलं एकच नाक उरलं होतं, आणि ते कामशातचं होतं.

म्हणून तिनं ओराझबेकचं नाक नेलं. शरदात दोघं जुन्या बागांमधून हिंडले. सरकारी बागांतली उरलीसुरली म्हातारी झाडं घळींमध्ये कुठे दोन, कुठे पाच अशी उभी होती आणि प्रत्येकाचा मालक म्हणायचा, खरं अपोर्त माझंच. नुरिला फळ कापायची, गराचा रंग पाहायची, देठाजवळचा खड्डा अंगठ्यानं चाचपायची, बोटानं टकटक करून ऐकायची, आणि मग फोड ओराझबेकपुढे धरायची. तो डोळे मिटून हुंगायचा, अगदी मन लावून, परीक्षेला बसल्यासारखा. हा कसा, विचारलं की म्हणायचा, सफरचंदासारखा. आणि हा? हाही. "नीट सांग, ओराझ." "नीटच सांगतोय. ह्याला जरा तळघराचा वास आहे. पण ठेवलंयच तळघरात." तिला हसू यायचं आणि ती पुढची फोड कापायची. शेवटी एका घळीत लिडिया कार्लोव्हना नावाच्या बाईंची बाग लागली. बाई काठी टेकत पुढे चालल्या होत्या, अधूनमधून झाडांना काठीनं स्पर्श करत. त्यांनी विचारलं, तुमच्या वडिलांचं झाड आलं कुठून होतं? कुणाच्या बागेतून काडी आणली होती त्यांनी? नुरिलाला माहीत नव्हतं. "कुणाला तरी माहीत असेल ना घरात," बाई म्हणाल्या. "विचारा की." नुरिला म्हणाली, आता कुणी राहिलं नाही. ओराझबेकनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर झाडाकडे वळवली.

तिनं काडी निवडली ती लिडिया कार्लोव्हनांच्याच एका झाडाची. ते झाड डावीकडे कललेलं होतं. कलण्यावरून जात ठरत नाही, वाऱ्यावरून नि उतारावरून खोड कलतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ते झाड पाहून तिचे पाय थांबले आणि दुसरं कुठलंही झाड तिला दिसेनासं झालं. परत येताना बसमध्ये ती स्वतःला बजावत होती की गराचा रंगही जुळत होता, देठाचा खड्डाही जुळत होता. आंधळ्या माणसानं हात धरणाऱ्याचा चेहरा सुंदर आहे अशी खात्री करून घ्यावी तसं. हिवाळा सरताना ती जाऊन काड्या कापून घेऊन आली, ओल्या भुशात गुंडाळून दाचाच्या तळघरात ठेवल्या, आणि वसंतात रस चढायला लागला तेव्हा रानसफरचंदाच्या फांद्या करवतीनं उतरवून पाचर कलमं बांधली. हात विसरले असतील अशी तिला भीती होती. हातांना सगळं आठवत होतं. चाकू कुठून लावायचा, साल सालीला कशी भिडवायची, पट्टी किती आवळायची, मेण कुठे फासायचं. बाबा पाठीमागे उभे राहून म्हणायचे, घाबरू नकोस, झाडाला दुखतंय ते बरं होण्यासाठीच. मेणाचा वास तिला अर्थातच आला नाही. काड्या धरल्या. कोंब फुटले, बोटभर, मग वीतभर, आणि ती दर आठवड्याला जाऊन त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसायची.

त्या वर्षांतलं तिचं आयुष्य बाहेरून पाहिलं तर काही वाईट नव्हतं. आकमारल सुट्टीला तोमिरिसला घेऊन यायची, स्वतः बरोबर असायची, चुलीकडे एक डोळा ठेवून बसायची, न विचारता उठून दूध हुंगायची. सगळे चांगले वागत होते. हेच असह्य होतं. सूप कसं झालंय विचारलं की छान. घरात काही कुजकट वास येतोय का विचारलं की छे छे. तिला रस्त्यात लोक बाजूला सरकल्यासारखे वाटायचे. ती दिवसातून दोनदा अंघोळ करायला लागली, अंगाला साबण घासून घासून कातडी सोलवटली, आणि तरीही ओराझबेक पलंगावर कूस बदलायचा तेव्हा तिला वाटायचं, माझ्याच अंगाचा. विचारलं तर तो म्हणायचा, "काही नाही येत, झोप आता." पण तो म्हणणारच. आकमारल म्हणणारच. आजारी माणसाभोवती घर हळूहळू खोटं बोलायला शिकतं, आणि एकदा शिकलं की खरं बोललं तरी ते ओळखू येत नाही. फक्त झाड तिच्याशी खोटं बोलत नव्हतं. त्याचं पान हललं की हललेलं असायचं.

तिसऱ्या वर्षी झाडाला पहिला फुलोरा आला, आणि नेमका त्याच आठवड्यात गारठा नि पाऊस एकदम आला. पंधरवड्यानं ती गेली तर फुलं काळी पडलेली होती. कोवळे शेंडे म्हाताऱ्याच्या काठीच्या मुठीसारखे खाली वळलेले, पानं करपून फांदीला तशीच लटकलेली, जणू कुणी मशाल घेऊन झाडावरून फिरवली होती. या रोगाला सगळे नुसतं 'जाळ' म्हणतात. शेजारच्या दाचांमधून आधीच धूर निघत होता, लोक तोडून जाळत होते. ओराझबेक तिला म्हणाला, तोडून टाकू, रोग मुळापर्यंत गेला तर काही उरणार नाही. तिनं शिडी लावली, करवत स्पिरिटमध्ये बुडवली, आणि काळ्याच्या खाली हातभर हिरवं सोडून फांदी कापली. पुन्हा करवत बुडवली, पुन्हा कापली. कापलेल्या जागी लाकडात तपकिरी रेघ दिसली की आणखी खाली. प्रत्येक फांदीला ती रेघ होती. तिनं बांधलेली कलमं एकामागून एक खाली पडत होती आणि तिला वाटत होतं, हे आपल्या आत चाललंय. कुणीतरी शिडी लावून एकेक खोली कापत खाली येतंय. "पुरे, नुरिला. बाजारात मिळतात सफरचंदं," ओराझबेक शिडी धरून म्हणाला. आणि ती शिडीवरून, करवत हातात, इतक्या हलक्या आवाजात बोलली की त्याला मान वर करावी लागली: "मला माझी नात हुंगता येत नाही, ओराझ. तुला कळतंय का? ती कोण आहे हेच मला कळत नाही." त्यानं खालून स्पिरिटचा डबा वर धरला. कुंपणाकडची एक फांदी स्वच्छ निघाली. ती तेवढी ठेवून बाकी सगळं त्यांनी खड्ड्यात घालून पेटवलं. धूर तिच्या अंगावर आला, डोळे झोंबले, आणि वास म्हणून काहीही आलं नाही.

त्या एका फांदीवर पुढच्या वर्षीच्या शरदात फळं धरली. थोडीच, पण धरली, फुगली, सप्टेंबरच्या थंड पहाटांनी लाल झाली. सगळ्यात मोठं तिनं स्वतः देठ फिरवून उतरवलं. घरात कुणी नव्हतं. ती पायरीवर बसली, फळ दोन्ही हातांत धरलं, आणि बराच वेळ नाकाशी नेलंच नाही. न नेलं तोपर्यंत सगळं शक्य होतं. मग नेलं. डोळे मिटले. श्वास ओढला, हळू, जोरात, तोंड उघडं ठेवून, बंद ठेवून. साल फोडून ओढला. चावा घेऊन, चघळत, घशातून वर ओढला. आंबटगोड काहीतरी जिभेला लागलं, रस हनुवटीवर आला, आणि त्या आंबटगोडाच्या मागे भिंत होती, नेहमीची. ती रडली नाही. चार वर्षं ज्या दारासमोर स्टूल टाकून बसलो ते दार भिंतीवर रंगवलेलं होतं हे कळल्यावर माणूस जसं बसून राहतं तशी बसून राहिली. संध्याकाळी ओराझबेकनं फोड खाल्ली आणि म्हणाला, घमघमतंय. रविवारी आकमारल म्हणाली, किती सुंदर वास, आई. पाताम म्हणाली, जुने दिवस आठवले गं. तिघांचेही चेहरे सारखेच होते, मऊ. नुरिलाला त्या मऊपणाची शिसारी आली. तिला निदान एवढं तरी कळायला हवं होतं, की वास गेला तो आपला गेला, का झाडच खोटं निघालं. हे सांगू शकणारं माणूस एकच होतं आणि त्या माणसाला तिच्यावर मऊ व्हायचं काहीही कारण नव्हतं.

फोनवर कामशातनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, गुरुवारी येते. नुरिला दाचावर सकाळपासून खपत होती. गुरुवार हा गेलेल्यांचा वार, म्हणून तिनं बाबांच्या नावानं कणकेच्या पातळ पोळ्या तेलात तळल्या. तेल तापून त्याचा वास सुटला की तो गेलेल्यांना पोचतो, त्यांना कळतं की घरात आठवण निघाली. कामशातला तिचा मुलगा गाडीनं सोडून गेला. ती जाड झाली होती, गुडघे धरून चालत होती. दोघींनी एकमेकींच्या दंडाला हात लावला. ओराझबेकनं चहा ओतला, गाडीचं, रस्त्याचं, कास्केलेनच्या पाण्याचं बोलणं काढलं. मग नुरिलानं फळ आणून मधोमध कापलं आणि अर्धं बहिणीसमोर ठेवलं. कामशातनं ते हातात घेतलं, आधी हुंगलं नाही, उन्हाकडे धरून पाहिलं. मग हुंगलं. मग खाल्लं, सावकाश, बिया बोटांवर काढत.

"हे नव्हे," कामशात म्हणाली.

ओराझबेक घाईनं म्हणाला, की पण वास तर आहे की, चांगला आहे. "आहे की," कामशात म्हणाली. "चांगलं फळ आहे. पण ते नव्हे. आपलं असतं तर मला हातात घ्यायच्या आधीच कळलं असतं." नुरिला तिच्याकडे बघत राहिली. आत काहीतरी कोसळलं, चार वर्षांचं सगळं, काड्या, भुसा, शिडी, राख. आणि कोसळून खाली जिथे टेकलं तिथे कठीण, कोरडी जमीन होती. किती दिवसांनी कुणीतरी तिला नाही म्हटलं होतं. मग तो कसा होता, तिनं विचारलं, सांग ना मला. कामशातनं तोंड उघडलं, मिटलं, बी पेरल्यासारखी बोटं हवेत हलवली. तिला ते सांगता येईना. कामशात म्हणाली, की ते झाड पाडलं त्या दिवशी ती गल्लीत उभी होती, करवत चालू असेपर्यंत. नंतर त्यांनी ओंडके गाडीत भरले. एक तुकडा माग म्हणून मुलगा म्हणाला होता, तिनं मागितला नाही. माफी नुरिलाच्या तोंडाशी आली होती, पण इतक्या वर्षांनी ती एवढीशी दिसली की तिनं ती गिळली आणि तळलेल्या पोळ्यांची ताटली बहिणीपुढे सरकवली.

कामशातनं ताटली परत सरकवली. "हे मी नाही खाणार. तेल खवट झालंय तुझं. दारातून आत आले तेव्हाच कळलं." ओराझबेकनं मान खाली घातली. त्याच्या ताटलीतल्या दोन पोळ्या संपलेल्या होत्या. किती दिवसांचं, नुरिलानं विचारलं, आणि ओराझबेक पुटपुटला, उन्हाळ्यापासून असेल. "बाबांना हे पोचवतेस?" कामशात म्हणाली. आणि नुरिला हसायला लागली, आधी नाकातून, मग तोंडावर हात दाबून, मग हात काढून, इतकं की ओराझबेक उठून उभा राहिला. ती उठली, तेलाची बाटली आणली, बाहेर खड्ड्यात उपडी केली. मग कपाट उघडून पीठ आणलं आणि बहिणीच्या नाकाखाली धरलं. ठेव, कामशात म्हणाली. लोणी आणलं. टाक. चहाची पूड, ठेव. वाळवलेलं दही, ठेव. भांडी पुसायचं फडकं, ह्याला काय विचारतेस, टाक. नुरिला आणत होती, धरत होती, बहीण सांगत होती, आणि टेबल हळूहळू दोन भागांत वाटलं जात होतं. कपाट रिकामं झालं तेव्हा तिनं खोलीत इकडेतिकडे पाहिलं, आणि मग डोक्याचा लोकरी रुमाल सोडून पुढे केला. स्वतःच्या अंगाच्या वासाचा हा प्रश्न तिनं चार वर्षं सगळ्यांना विचारला होता आणि एकाही उत्तरावर तिचा विश्वास बसला नव्हता.

कामशातनं रुमाल नाकाशी धरला आणि काढलाच नाही. खिडकीबाहेर कुणाच्या तरी बागेत पंप चालू होता.

"धुवायचा?" नुरिलानं विचारलं.

"तुला खरंच काही कळत नाही?"

"नाही."

"आईचा वास येतो ह्याला," कामशात रुमालातूनच म्हणाली. "शेवटी शेवटी यायचा ना, तो. म्हातारी झालीस तू."

नुरिलानं रुमाल घेतला, तोंड त्यात पूर्ण बुडवलं आणि फुप्फुसं दुखेपर्यंत श्वास ओढला. लोकर टोचली. तिच्याच डोक्याची ऊब होती ती गालांना लागली. आणखी काही नव्हतं. तिनं पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मग तिनं रुमाल गुडघ्यावर पसरून नीट चौकोनी घडी केली आणि ती बहिणीच्या मांडीवर ठेवली.

"मग तू ने हा," ती म्हणाली. "माझ्याकडे नुसताच पडून राहील."